जॉर्जियातील प्राचीन मठ आणि कॅथेड्रल : काय पाहावे, कसे वागावे?

दूरदेशी (प्रश्न)

नमस्कार. नोकरीनिमित्त आम्ही अबुधाबीत राहतो आणि सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यात जॉर्जियाला जायचे ठरले आहे. आई-बाबा नाशिकहून येऊन आमच्यासोबत निघणार आहेत. प्रवास कंपनीने पाठवलेल्या कार्यक्रमात जवळजवळ रोज दोन-तीन चर्च किंवा मठ आहेत आणि प्रत्येक ठिकाणी वीस-पंचवीस मिनिटांचा मुक्काम आहे. एवढ्या वेळात बाहेरून छायाचित्र काढून परत गाडीत बसण्यापलीकडे काही होईल असे वाटत नाही; म्हणून स्वतंत्र गाडी ठरवून मोजकीच ठिकाणे नीट पाहावीत असा विचार आहे.

माझी विचारणा दोन बाबतींत आहे. स्थापत्य, भित्तिचित्रे आणि इतिहास यांची आवड असलेल्या, परंतु ऑर्थोडॉक्स परंपरेची फारशी ओळख नसलेल्या माणसाने कोणती ठिकाणे निवडावीत आणि तेथे गेल्यावर नेमके कशाकडे लक्ष द्यावे, हे एक. दुसरे असे की ही सर्व ठिकाणे आजही उपासनेची आहेत. प्रार्थना चालू असताना आपण आत उभे राहिलेले चालते का? मेणबत्ती लावावी का? कोणत्याही देवस्थानात गेल्यावर आई हात जोडल्याशिवाय बाहेर पडत नाही. तेथे ते कोणाला वावगे वाटेल का? बाबांचे गुडघे दुखतात, तेव्हा चढउताराचीही कल्पना दिल्यास बरे होईल.

त्बिलिसीकर

कामानिमित्त मी काही वर्षांपासून त्बिलिसीत राहतो, त्यामुळे वागणुकीविषयीच्या प्रश्नांची उत्तरे मी देतो. वास्तूंबद्दल येथे माझ्यापेक्षा अधिक जाणकार मंडळी आहेत.

स्त्रियांनी डोके झाकणे आणि गुडघ्यांखाली येईल असा घागरा, साडी किंवा तत्सम वस्त्र घालणे अपेक्षित असते. आपल्या आईंना साडी आणि पदर एवढे पुरेसे आहे, आपण ओढणी जवळ ठेवा. पुरुषांनी अर्धी विजार घालू नये आणि आत जाताना टोपी काढावी. बहुतेक ठिकाणी दाराशी एका टोपलीत रुमाल आणि कमरेला गुंडाळायची कापडे ठेवलेली असतात, पण मठांमध्ये, विशेषतः जेथे भिक्षू राहतात तेथे, हा नियम अधिक काटेकोरपणे पाळला जातो, म्हणून आपली तयारी असलेली बरी.

प्रार्थना चालू असताना मागच्या बाजूला शांतपणे उभे राहिलेले चालते. मुळात तेथे बाके मांडलेली नसतात. लोक उभेच असतात, येतात, मेणबत्ती लावतात, काही वेळ थांबतात आणि निघून जातात. भिंतीलगत एखाद-दुसरे बाक असते ते वृद्धांसाठी, तेव्हा बाबांना तेथे बसता येईल. मात्र पायावर पाय टाकून बसणे किंवा खिशात हात घालून उभे राहणे अनादराचे मानतात. धर्मगुरू धुपाटणे घेऊन सभामंडपात फेरी घालू लागले की भिंतीजवळची माणसे मागे सरकून त्यांना वाट करून देतात आणि किंचित मान लववतात, तसेच आपणही करावे. समोर प्रतिमांनी मढवलेली जी आडभिंत दिसते, तिला आयकॉनोस्टॅसिस म्हणतात. तिच्यापलीकडे मुख्य वेदी असते आणि तेथे सामान्य भाविकही जात नाहीत. मधल्या दारासमोर रेंगाळू नये.

मेणबत्ती अवश्य लावावी. प्रवेशाजवळच्या मेजावर मधमाशांच्या मेणाच्या, काडीसारख्या बारीक मेणबत्त्या थोडक्या पैशांत मिळतात. त्या आधीपासून जळणाऱ्या एखाद्या मेणबत्तीवर पेटवायच्या, बूड क्षणभर ज्योतीवर धरून मऊ करायचे आणि मग घंगाळातल्या वाळूत किंवा पितळी तबकाच्या भोकात घट्ट बसवायच्या. दिवंगतांसाठीची जागा वेगळी असते, बहुधा क्रुसासमोर, तेव्हा शेजारच्या आजीबाईंना खुणेने विचारावे; त्या आनंदाने दाखवतात. आपल्या आईंनी हात जोडलेले कोणालाही खटकणार नाही. क्रुसाची खूण करण्याची किंवा प्रतिमेचे चुंबन घेण्याची आपल्याकडून कोणी अपेक्षा करत नाही. केवळ उपासनेच्या अखेरीस ज्या भाकरी-द्राक्षारसाच्या प्रसादासाठी रांग लागते त्या रांगेत उभे राहू नये, कारण तो दीक्षित ऑर्थोडॉक्स भाविकांपुरताच असतो. छायाचित्रांच्या बाबतीत प्रत्येक चर्चचा नियम निराळा आहे. प्रार्थना चालू असताना मात्र कॅमेरा आणि फोन बाहेर काढूच नयेत, कोणी हटकले नाही तरीही.

आता एक आग्रहाची विनंती. रविवारी सकाळी त्बिलिसीच्या जुन्या भागातील अंचिसखाती येथे जा. हे सहाव्या शतकातील, शहरातील सर्वांत जुने टिकून राहिलेले चर्च आहे. आकाराने लहान, विटा-दगडांचे, बाहेरून पाहिल्यास चटकन नजरेत न भरणारे. तेथील पुरुष गायकवृंद जुन्या पद्धतीचे तीन आवाजांतील स्तोत्रगायन करतो. वाद्य एकही नसते. वरचा आवाज मूळ चाल धरून चालतो, मधला आणि खालचा आपापल्या वाटेने जातात, मध्येच अशा काही स्वरांवर एकत्र येतात की आपल्या कानांना ते प्रथम बेसूर वाटावे, आणि चरणाच्या शेवटी तिघेही एकाच स्वरावर येऊन थांबतात. हे गायन आज ऐकायला मिळते यामागे मोठी कथा आहे. रशियन साम्राज्याने १८११ मध्ये जॉर्जियन चर्चचे स्वातंत्र्य काढून घेतले आणि पुढे ही गुरुशिष्यपरंपरा क्षीण होत गेली. तेव्हा पिलिमोन कोरिद्झे या ऑपेरा गायकासह काही जणांनी वृद्ध गायकांकडून चाली उतरवून घेतल्या. एकव्तिमे केरेसेलिद्झे या भिक्षूने त्या हजारो स्वरलेखनांचा सांभाळ केला आणि सोव्हिएत राजवटीत, जेव्हा मठच बंद पाडले जात होते, तेव्हा ती लपवून वाचवली. ही हकिकत ठाऊक असताना ते गायन ऐकावे.

पाषाणवेडा

त्बिलिसीकरांनी गायनाबद्दल लिहिले ते उत्तम झाले. निवडीबाबत माझे मत स्पष्ट आहे : म्त्स्खेता आणि गेलाती ही दोन ठिकाणे चुकवू नका, त्यांना प्रत्येकी निदान अर्धा दिवस द्या, आणि बाकीचे सवडीप्रमाणे.

म्त्स्खेता त्बिलिसीपासून सुमारे वीस किलोमीटरवर, मत्क्वारी आणि अराग्वी या नद्यांच्या संगमावर आहे. राजा मिरियानने संत निनोच्या उपदेशावरून चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो येथेच. आधी संगमासमोरच्या टेकडीवरील ज्वारी पाहा. गाडी जवळपर्यंत जाते, बाबांना त्रास होणार नाही. सहाव्या शतकाच्या अखेरीस सुरू होऊन सातव्याच्या प्रारंभी पूर्ण झालेली ही वास्तू चार अर्धवर्तुळाकार दालनांची आहे, आणि मधल्या चौकोनावर गोल घुमट कसा बसवला आहे हे येथे आत उभे राहून डोळ्यांनी उलगडता येते : कोपऱ्यांत लहान कमानी टाकून चौकोनाचा अष्टकोन केला आहे आणि अष्टकोनावर घुमट पेलला आहे. पुढच्या अनेक जॉर्जियन चर्चनी हीच योजना गिरवली. मधोमध जो अष्टकोनी दगडी चौथरा दिसतो, तेथे मिरियानच्या काळातील लाकडी क्रूस उभा होता असे मानतात. म्हणजे क्रूस आधीचा आणि चर्च त्याच्याभोवती नंतर उभे राहिलेले. बाहेर दक्षिणेकडील दारावर दोन देवदूत क्रूस उचलून धरत असल्याचे शिल्प आहे, तेही पाहावे.

तेथून खाली उतरून स्वेतित्सखोवेली कॅथेड्रलमध्ये जा. ख्रिस्ताचे वस्त्र येथे पुरले आहे, अशी श्रद्धा आहे. एलिओझ नावाच्या म्त्स्खेताच्या रहिवाशाने ते जेरुसलेमहून आणले, त्याच्या बहिणीने, सिदोनियाने, ते हृदयाशी धरले आणि तेथेच तिचा प्राण गेला. वस्त्र तिच्या हातून सुटेना म्हणून तिच्यासह पुरले गेले, आणि त्या जागी उगवलेल्या देवदाराचा खांब पहिल्या चर्चला लावला गेला. आजची इमारत १०१० ते १०२९ या काळातील आहे. तिचा स्थपती अर्सुकिद्झे. उत्तरेच्या भिंतीवर, बरेच उंचावर, कमानीच्या माथ्याजवळ गुण्या धरलेला एक हात कोरला आहे आणि शेजारच्या लेखात हा अर्सुकिद्झेचा हात असल्याचे सांगून त्याला क्षमा लाभावी अशी प्रार्थना केली आहे. बहुतेक पर्यटक पश्चिमेच्या दाराने आत जाऊन तेथूनच बाहेर पडतात, त्यामुळे हा हात पाहायचा राहून जातो. इमारतीला बाहेरून संपूर्ण प्रदक्षिणा घाला. पूर्वेच्या भिंतीत बसवलेली बैलांची दोन मस्तके आधीच्या, पाचव्या शतकातील वास्तूची आहेत. पिवळसर दगडात कुठे तांबूस, कुठे हिरवट दगड योजला आहे, आणि सकाळचे ऊन असताना ही रंगसंगती फार खुलते.

आत दक्षिणेच्या भिंतीवर ख्रिस्ताभोवती राशिचक्र काढलेले भित्तिचित्र आहे. आपल्याकडच्या माणसाला त्यातील कित्येक राशी सहज ओळखता येतात. पुष्कळशी जुनी चित्रे मात्र एकोणिसाव्या शतकात चुन्याखाली गेली, आणि त्या पांढऱ्या भिंती पाहताना मन खिन्न होते.

गेलाती पश्चिमेला, कुताईसीजवळ आहे. त्बिलिसीहून कुताईसी सुमारे २३० किलोमीटर, तेव्हा तेथे मुक्काम करा. राजा दाविद चौथा, ज्याला जॉर्जियन लोक अघमाशेनेबेली म्हणजे बांधणारा म्हणतात, त्याने ११०६ मध्ये हा मठ स्थापन केला. मठासोबत विद्यापीठही होते आणि इओआने पेत्रित्सीसारखा तत्त्वज्ञ तेथे शिकवत असे. मुख्य चर्चच्या गाभाऱ्यात बाराव्या शतकातील काचतुकड्यांचे चित्र आहे : सोनेरी पार्श्वभूमीवर बाळ येशूसह मरिया, आणि दोन्ही बाजूंना मायकेल व गॅब्रिएल हे देवदूत. भिंतींवर वेगवेगळ्या शतकांची चित्रे एकमेकांना लागून आहेत, म्हणून लहानशी दुर्बीण नेली तर घुमटातील तपशील दिसतो.

दाविद राजाची कबर दक्षिणेच्या जुन्या प्रवेशद्वाराच्या वाटेवरच, जमिनीत आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय आपल्या कबरीवर पडावा अशी त्याची इच्छा होती, असे सांगतात. पंढरपूरची नामदेव पायरी ठाऊक असलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्याच दारात लोखंडी दरवाजाचे एक दार उभे आहे. दाविदाचा मुलगा देमेत्रे याने ११३९ मध्ये गांजा शहरावरील स्वारीतून ते आणले, आणि त्यावरचा लेख अरबीत आहे. ख्रिस्ती राजाच्या कबरीशी अरबी लेखाचा दरवाजा, आणि कॉकेशसचा सारा मध्ययुगीन इतिहास त्या एका जागी उभा राहून डोळ्यांसमोर येतो.

एक सूचना : अलीकडच्या दुरुस्तीत बसवलेली छपराची कौले सदोष निघाल्याने गेलातीत पाणी झिरपले आणि काही भित्तिचित्रांना इजा झाली. तेव्हापासून तेथे तात्पुरते आच्छादन आणि परांची आहेत, त्यामुळे सर्व भाग मोकळा दिसेलच असे नाही. तरीही जावे.

कुताईसीतच बग्राती कॅथेड्रल आहे. त्याच्या बांधकामात १००३ हे वर्ष कोरलेले आहे. १६९२ मध्ये ऑटोमन फौजेने ते सुरुंगाने उडवले आणि शतकानुशतके ते छपराविना उभे होते. १९९४ मध्ये गेलातीसह ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, पण २०१२ मध्ये काच आणि पोलाद वापरून ते पुन्हा उभे केले गेले, आणि २०१७ मध्ये युनेस्कोने ते यादीतून वगळले. भग्नावशेष जसे होते तसे जपायला हवे होते, असे माझे ठाम मत आहे. कुताईसीच्या रहिवाशांना मात्र आपले कॅथेड्रल पुन्हा नांदते झाले याचा मनापासून आनंद आहे, आणि तेथे चालणारी लग्ने, बाप्तिस्मे पाहिले की त्यांची बाजूही समजते.

मांडवीकाठ

मी गोव्याची. या धाग्यात एक गोष्ट आलीच पाहिजे, म्हणून लिहिते.

जॉर्जियाच्या पूर्वेकडील काखेती राज्याची राणी केतेवान हिला इराणच्या शाह अब्बासने शिराझमध्ये सुमारे दशकभर ओलीस ठेवले होते. धर्म सोडण्यास तिने नकार दिला, आणि १६२४ मध्ये तापलेल्या सांडशींनी हाल करून तिला ठार मारण्यात आले. शिराझमध्ये त्या वेळी पोर्तुगीज ऑगस्टिनियन पंथाचे धर्मोपदेशक होते. त्यांनी गुपचूप तिचे अवशेष मिळवले. काही भाग तिच्या मुलापर्यंत, राजा तैमुराझपर्यंत पोहोचला आणि अलावेर्दी कॅथेड्रलमध्ये ठेवला गेला, अशी परंपरा आहे. काही भाग १६२७ मध्ये गोव्यात आला.

जुन्या गोव्यात ज्याचा ४६ मीटर उंचीचा मनोरा अर्धवट उभा आहे, त्या संत ऑगस्टीनच्या संकुलात हे अवशेष दगडी पेटीत ठेवल्याची नोंद पोर्तुगीज कागदपत्रांत होती. १८३५ मध्ये धार्मिक पंथांची हकालपट्टी झाली, १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले आणि सगळे ढिगाऱ्याखाली गेले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाला उत्खननात जे हाड मिळाले, त्याच्या डीएनएची हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने तपासणी केली. त्यातील मातृवंशाचा गट भारतीय नमुन्यांत आढळत नाही, जॉर्जियन लोकांमध्ये मात्र आढळतो. २०१७ मध्ये हे अवशेष काही काळासाठी जॉर्जियाला पाठवले गेले, आणि जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्यांचा एक भाग त्बिलिसीत कायमचा सुपूर्द केला.

जॉर्जियन माणसाला आपण भारतातून आलो असे सांगितले आणि केतेवानचे नाव घेतले, तर त्याच्या चेहऱ्यावरचा भाव लगेच बदलतो. त्बिलिसीत एका मठातील वृद्ध भिक्षुणीला मी गोव्याची आहे असे दुभाष्यामार्फत कळले, तेव्हा तिने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

म्हणून माझी शिफारस अलावेर्दीची. काखेतीत, तेलावीपासून वीसेक किलोमीटरवर, कॉकेशसच्या पायथ्याच्या सपाट मैदानात हे अकराव्या शतकातील कॅथेड्रल उभे आहे. पन्नास मीटरहून अधिक उंची, आणि बाहेर कोरीवकाम जवळजवळ नाही. नुसत्या उभ्या रेषा. गोव्यातील चर्चमध्ये सोनेरी नक्षीच्या वेदी, लाकडी पुतळे आणि बाके पाहायची आपल्याला सवय असते. येथे पुतळा नाही, बाकांच्या रांगा नाहीत, केवळ चित्रे आणि वर चढत जाणारी रिकामी उंची आहे. भिक्षू जमिनीत पुरलेल्या क्वेव्री या मातीच्या मोठ्या रांजणांत आजही वाइन करतात. या पद्धतीची २०१३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशात नोंद झाली. आपण सप्टेंबरअखेर जाणार आहात, म्हणजे द्राक्षतोडणीचे दिवस असतील. राणी केतेवानचा स्मरणदिन २६ सप्टेंबरला येतो आणि अलावेर्दीचा उत्सव २८ सप्टेंबरला. गर्दी असेल, पण तारखा जुळत असतील तर जरूर विचार करा.

वाटसरू

चढउताराबद्दल थोडे. स्तेपानत्समिंदाजवळचे गेर्गेती चर्च २,१७० मीटर उंचीवर असले तरी आता पक्का रस्ता झाल्याने गाडी जवळपर्यंत जाते, शेवटचा थोडा चढ उरतो. चौदाव्या शतकातील ही वास्तू लहान आहे. जावे ते मुख्यतः तिच्या जागेसाठी आणि समोर दिसणाऱ्या कझबेगी शिखरासाठी. वार्दझिया हा राणी तामारच्या काळातील, कड्यात कोरलेला मठ अप्रतिम आहे, पण उंच पायऱ्या आणि अरुंद बोगदे फार, तेव्हा बाबांसाठी तो टाळावा. दाविद गारेजा येथील खालचा मठ पाहता येतो. वरच्या उदाब्नो मठाकडे जाणारी वाट अझरबैजानच्या सीमेवरून जाते आणि सीमावादामुळे २०१९ पासून बंद झाली आहे. प्रवास कंपन्या अजूनही तेथील भित्तिचित्रांची छायाचित्रे जाहिरातीत छापतात, त्यावरून गैरसमज होऊ देऊ नका.

दूरदेशी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मांडवीकाठ ताई, केतेवान राणीची हकिकत आई-बाबांना वाचून दाखवली. आईने तेव्हाच अलावेर्दी नक्की केले. आता बेत असा : त्बिलिसीत रविवारी सकाळी अंचिसखाती, एक दिवस म्त्स्खेता, कुताईसीत दोन रात्री राहून गेलाती आणि बग्राती, आणि २८ तारखेला अलावेर्दी. गेर्गेती सोडून दिले. एकच शंका उरली आहे. उत्सवाच्या दिवशी गर्दीत आम्हाला आत जाऊन गाभारा व भित्तिचित्रे नीट पाहता येतील का, की आदल्या दिवशी जाणे बरे?

त्बिलिसीकर

दोन्ही करा. २७ तारखेला दुपारी तेलावीत पोहोचा आणि उजेड असताना अलावेर्दीला जाऊन वास्तू सावकाश पाहून घ्या. सणाच्या पूर्वसंध्येला सायंप्रार्थना असते, तीही मिळेल आणि गर्दी त्या मानाने कमी असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गेलात तर बाबांना भिंतीलगतचे बाक मिळण्याची शक्यता अधिक. परिसरात त्या दिवशी गाड्यांची रांग लागते, म्हणून चालकाला परतीची वेळ आणि भेटण्याची जागा आधीच ठरवून द्या. मठात दारू-मांसाचे पदार्थ सोबत नेऊ नका, आणि भिक्षूंच्या राहण्याच्या बाजूला जाणारी दारे उघडी दिसली तरी तिकडे वळू नका.

आणखी एक, पाषाणवेडा यांच्या वतीनेही विचारतो : गेलातीचे आच्छादन सध्या कोणत्या भागावर आहे आणि गाभाऱ्यातील चित्र खालून किती दिसते, हे परत आल्यावर येथे अवश्य लिहा. ऑक्टोबरात जाणारे आणखी काही जण याच धाग्यावर विचारणा करणार आहेत, आणि १४ ऑक्टोबरच्या म्त्स्खेताच्या उत्सवासाठी त्यांना त्याचा उपयोग होईल.